न फाटणारी पॅन्ट

माझ्याच विळ्यानं माझी पॅन्ट फाडली गेली, तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

गावाचा चौक. पानठेल्यासमोर सात-आठ माणसं. मी जंगलातून परत येत होते. डोक्यावर तेंदूपत्त्याचं गाठोडं, अंगात भावाचा शाळेचा शर्ट आणि त्याचीच खाकी फुलपॅन्ट. कमरेला मागून विळा खोचलेला, आमच्याकडच्या सगळ्या बायका खोचतात तसा. तो मोटारसायकलवर बसून चहा पीत होता. जुन्या मालगुजाराचा नातू. मालगुजारी जाऊन दोन पिढ्या उलटल्या, पण गाव त्याला अजून छोटे मालक म्हणायचं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. फिर्यादीत लिहिलं आहे, तेवढं पुरे.

"थांब वं," तो म्हणाला. "हे काय घालून राह्यली? फुलप्यांट? तुमच्या मोहल्ल्यातल्या पोट्ट्या साहेब झाल्या का आता?"

मी थांबले नाही. माझा गुन्हा एवढाच. तो उतरला, मागून आला आणि माझ्या कमरेचा विळा उपसला. मला वाटलं मानेवर घालतो. पण तो खाली बसला. विळ्याचं टोक त्यानं माझ्या डाव्या पायाच्या मोहरीत घातलं.

"पाय हलवू नको," तो म्हणाला. "हललीस त मले नको सांगू."

आणि वर ओढलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. कापड टरटर फाटलं. पोटरीही फाटली. आधी नुसतं गरम वाटलं, मग पायातली चप्पल घसरायला लागली तेव्हा कळलं की रक्त आहे. गाठोडं तरी मी खाली टाकलं नाही. पानं चुरडली की फडीवर, पत्ता विकतो तिथं, घेत नाहीत, ते डोक्यात होतं. आज आठवलं की त्या गाठोड्याचाच संताप येतो.

काही जण हसले. काही जण हसले नाहीत, चहाच्या कपात बघत राहिले. मला न हसणाऱ्यांचा राग जास्त आहे.

कुणीतरी सांगितलं असेल, माय धावत आली. माझी आई. मला वाटलं आता ही त्याच्या अंगावर जाईल. तिनं माझ्या तोंडात मारली. एक, दोन, तीन. पाठीत धपाटे घातले. गाठोडं तेव्हा पडलं. मग तिनं त्याच्यापुढं हात जोडले.

"पोरीले अक्कल नाई मालक. पुन्हा नाई घालणार."

"तिले म्हणू दे," तो म्हणाला.

मायनं माझी वेणी धरली. "म्हण. नाई घालणार म्हण."

मी म्हटलं. "नाई घालणार." चौकात, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं. पोटरीची जखम महिन्यात भरली. त्या दोन शब्दांची भरली नाही.

घरी आल्यावर मायनं जखमेत हळद दाबली आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. ती मला का मारत होती हे मला तेव्हाही कळलं होतं. तिनं मारलं नसतं तर त्यानं मारलं असतं. पण कळलं म्हणून दुखणं कमी होत नाही. मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

आता मी पॅन्ट का घातली होती, ते सांगते. हौस म्हणून नाही.

त्याच महिन्यात माझी मावशी गेली. मायची धाकटी बहीण. आम्ही पाच जणी पत्ता तोडायला पहाटे गेलो होतो. मी पाचवी, सगळ्यात लहान. आमच्या जंगलात चिलाटी नावाची काटेरी वेल असते. तिचा काटा सरळ नसतो, मागं वळलेला असतो, मांजराच्या नखासारखा. आत जाताना काही कळत नाही. मागं फिरलं की धरतो.

वाघ कुठून आला कुणी पाहिलं नाही. ओरड झाली, आम्ही पळालो. चौघी पळालो. मावशीचा पदर आणि निऱ्या चिलाटीत अडकल्या. तिनं ओढलं. नायलॉनचं लुगडं, नवंच, फाटेना. मी वीसेक पावलांवर वळून बघितलं. ती दोन्ही हातांनी लुगडं ओढत होती आणि माझ्याकडं बघून म्हणत होती, "पळ वं, पळ." मग मी तिचं तोंड पाहिलं नाही. आवाज ऐकला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा नसतो. तो मला माहीत आहे.

नंतर माणसं गेली, पंचनामा झाला. लुगडं तसंच वेलीवर ताणलेलं होतं. एका जागीही फाटलं नव्हतं. लोक म्हणाले वाघानं खाल्लं. मी म्हणते कापडानं धरून दिलं.

तेराव्या दिवसापर्यंत कोण थांबणार? आमच्याकडं भिक्खू आले, वंदना झाली, आणि चार दिवसांनी माय परत पत्त्याला निघाली. हंगाम थोडाच थांबतो. मी भावाची पॅन्ट घातली. आणि मग तो चौक झाला.

त्यानंतर मी गावात पॅन्ट घातली नाही. शब्द दिला होता ना. तालुक्याच्या गावी, सावलीला, बारावीपर्यंत शिकले, मग गडचिरोलीला एसटीनं जाऊन बी.ए. केलं. सलवार घालून. परतताना गाव जवळ आलं की अंगातली सगळी भीती पायात उतरायची. बस गावात शिरली की मी पाय सीटखाली घ्यायची. पोटरीवरचा वण कुणाला दिसत नव्हता, तरी घ्यायची.

पुढं जंगलात रोजंदारीचं काम मिळालं. ठरलेल्या सरळ रेषेत चालायचं आणि वाटेत दिसलेली विष्ठा, ठसे, झाडं वहीत लिहायची. त्या कामाला मी बाजारातली पुरुषांची पॅन्ट घ्यायची. कमरेत ढगळ, सीटला घट्ट. बसलं की आसनाची शिवण मांडी कापायची. ती मी जंगलाच्या नाक्यावर सलवार काढून चढवायची आणि येताना तिथंच उतरवायची. पंचवीस वर्षांची बाई, शिकलेली, आणि चोरासारखी झुडपामागं कपडे बदलते. मला माझीच किळस यायची.

मग ती कंपनी आली. पुण्याकडची, बायकांसाठी ट्रेकिंगच्या पॅन्टा बनवणारी. त्यांना खऱ्या जंगलात, खऱ्या चालणाऱ्या बायकांकडून कापड तपासून हवं होतं. दहा दिवस, तीन प्रकारच्या पॅन्टा, चार बायका. रोज दिवसभर चालायचं आणि काय वाटलं ते लिहायचं. माझं नाव जंगलातल्या कामावरून कुणीतरी सुचवलं. वही माझ्याकडं दिली.

किती आनंद झाला होता मला! बायकांच्या मापाची पॅन्ट. तपासायची, आणि मी सांगणार की कुठली चांगली. माझं कुणी ऐकणार. मी रात्री वहीला नवं कव्हर घातलं.

सकाळी मुक्कामाच्या जागी पोचले. जंगलाच्या कडेला बांधलेलं नवं निवास. पाटीखाली तो उभा. पोट सुटलेलं, डोळ्यावर काळा चष्मा. गाड्या त्याच्या, निवास त्याचं, जेवणाचं कंत्राट त्याचं. त्यानं मला ओळखलं असं वाटलं नाही. कशाला ओळखेल? आयुष्यात किती पोरींच्या मोहऱ्या फाडल्या, त्याची त्यानं यादी थोडीच ठेवली असेल.

कंपनीच्या मॅडम बोलायला गोड. आम्हा चौघींना नावानं हाक मारायच्या. आमच्यात एक सोमीबाई होती, कुरखेड्याकडची गोंड बाई, पन्नाशीची, पाय माझ्यापेक्षा पक्के. तिनं जन्मात पहिल्यांदा पॅन्ट घातली आणि तिथंच दोनदा उकिडवी बसून उठली. "मोकळं वाटते वं," म्हणाली आणि लाजली.

पहिल्या संध्याकाळी आम्ही घामानं भिजलेल्या पॅन्टा परत द्यायला गेलो. निवासाच्या मागं एक बादली ठेवली होती. पाणी दुधासारखं पांढरं. फिनाइल. तो आतून ओरडला, कुणाला तरी सांगत होता, पण आम्हाला ऐकू यावं असंच.

"त्याईच्या अंगच्या हायत. हात नका लावू. काठीनं बुडवा आन् दोनदा काढा."

मी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "हायजीनचा प्रश्न असतो गं. मनाला लावून नको घेऊ." त्यांनी सोबत आणलेल्या कॅमेरावाल्याच्या आणि त्यांच्या स्वतःच्या पॅन्टा दोरीवर वाळत होत्या. त्यांना फिनाइल नव्हतं. मनाला लावून नको घेऊ. म्हणजे कुठं लावून घेऊ ते सांगा ना मॅडम. पायाला? पाय तर आधीच कापलेला आहे.

मी काम सोडलं नाही. रागावून घरी बसले असते तर वही दुसऱ्या कुणी लिहिली असती. मी लिहीत गेले.

खाकी पॅन्ट: दिसायला छान. आसनाची शिवण जाड. दुपारनंतर मांड्या सोलतात. खिसा एवढा उथळ की बसलं की चाकू पडतो. लघवीला बसताना चेन, बटण, हूक, पट्टा, चार गोष्टी सोडाव्या लागतात. जंगलात तेवढा वेळ नसतो.

राखाडी पॅन्ट: कापड पातळ. गुडघ्याला घडी दिलेली, चढताना ओढत नाही. नाल्यात भिजली तर झाडाखाली भाकर खाईस्तोवर वाळते. काट्यानं जागोजागी फाटते.

हिरवी पॅन्ट: हिच्यावर कंपनीचा सगळा जीव. न फाटणारं कापड. मॅडमनी ते कापड खिळ्यावर अडकवून दोन माणसांना ओढायला लावून दाखवलं. खिळा वाकला, कापड नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला ताणलेलं लुगडं दिसत होतं.

म्हणून मी माझी चाचणी केली. चिलाटीची दाट जाळी शोधली, आत शिरले आणि ओरडले, "सोमीबाई, मोज." मागं फिरून पळाले. पळताच आलं नाही. चार ठिकाणी धरलं. मी सगळा जोर लावला, पाय झटकले, पडले, हातांना काटे घुसले. कापड तसूभर फाटलं नाही. सोमीबाईनं एकेक काटा सोडवला. तिचं चाळीसपर्यंत मोजून झालं होतं. तिनं कपाळाचा घाम पुसला. तिच्या गावातही वाघानं बाई नेली होती. चाळीसात वाघ काय काय करतो हे तिला सांगायला नको.

राखाडी घालून तेच केलं. टर्र, टर्र, आणि मी बाहेर. पॅन्टच्या चिंध्या, पण सातव्या आकड्याला मी मोकळ्या वाटेवर उभी होते.

वहीत लिहिलं: "हिरवी फाटत नाही. म्हणून नापास. राखाडी फाटते. म्हणून पास."

एक गोष्ट मी न विचारता केली. तिन्ही पॅन्टांना विळा ठेवायला जागा नव्हती. निसरड्या कमरपट्ट्यात विळा टिकत नाही, बसलं की पाठीला टोचतो. माझ्या जुन्या दप्तराचा पट्टा कापून मी हिरव्या पॅन्टच्या उजव्या बाजूला, जरा मागं, एक जाड लुपी शिवली. मूठ हाताला येते, पातं मांडीला लागत नाही. ती पॅन्ट शेवटच्या दिवशी माझ्या अंगावर होती.

शेवटच्या दिवशी चित्रीकरण. चिलाटीच्याच जाळीसमोर मला उभं केलं. मॅडम म्हणाल्या, "एवढंच बोलायचं. मी ह्या जंगलातली बाई. दहा दिवस चालले. वाघाच्या जंगलात हीच पॅन्ट. कधीच न फाटणारी."

"वही वाचली का तुम्ही?" मी विचारलं.

"वाचली ना. छान लिहिलंयस. पण ते तांत्रिक बाजूचे लोक बघतील."

"ही पॅन्ट नापास आहे, मॅडम."

त्या हसल्या. लहान मुलाकडं बघून हसतात तसं. "अगं, शहरातल्या मुली ठरलेल्या वाटेनं चालतात. त्यांना काय होणार? आणि तुमच्या गावातल्या तेंदूवाल्या बायकांना तर ह्या पॅन्टा आम्ही फुकट देतोय. यांनीच सगळी यादी काढलीय." त्यांनी त्याच्याकडं बोट केलं.

म्हणजे ह्या पॅन्टा आमच्याच बायकांच्या अंगावर येणार होत्या. पुढच्या हंगामात. माझा चेहरा बघून, माझा आवाज ऐकून त्या घालणार होत्या. आपल्या पोरीनं सांगितलं म्हणून. मी मावशीचं सांगितलं. सगळं सांगितलं, लुगडं कसं ताणलेलं होतं तेसुद्धा. कॅमेरावाला खाली बघत होता. मॅडमनी घड्याळ बघितलं.

"उजेड जातोय," त्या म्हणाल्या.

तेव्हा तो पुढं आला. चष्मा काढला. माझ्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात बोलला.

"बोल. चौकात बोलली होतीस तशी बोल."

त्याला आठवत होतं. दहा दिवस त्याला आठवत होतं. पहिल्या सकाळपासून. 

"नाई बोलत," मी म्हटलं.

थोबाडीत बसली. उलट्या हाताची, अंगठीसकट. गालाची आतली बाजू दातावर फाटली, तोंडात रक्ताची चव आली. सोमीबाई ओरडली. तो माझ्या कमरेकडं बघत होता, लुपीकडं.

"कंपनीच्या मालाले भोकं पाडते? उतरव. उतरव प्यांट. इथीच. मालाची किंमत कळते का तुमच्या जातीले?"

चार पुरुष होते तिथं. मॅडम होत्या. मॅडम म्हणाल्या, "देऊन टाक ना काढून, कशाला वाढवतेस. गाडीत टॉवेल आहे." हे वाक्य मी फिर्यादीत जसंच्या तसं दिलं आहे. गाडीत टॉवेल आहे.

त्याचा हात माझ्या मागं गेला. विळ्याकडं. अकरा वर्षांनंतर तोच हात, तीच जागा. पण मधल्या काळात मी लुपी शिवली होती. मूठ माझ्या हाताच्या मापानं होती. माझा हात आधी पोचला.

मी विळ्याची पाठ घातली. मनगटावर. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला. दुसरा घाव खांद्यावर घातला. दुसऱ्याची गरज नव्हती. तो रागाचा होता, मी खोटं बोलणार नाही. पोलिसांनाही मी तेच सांगितलं.

कुणी पुढं आलं नाही. त्याची माणसं त्याच्याकडं बघत होती, तो स्वतःच्या हाताकडं. मी खाली बसले. विळ्याचं टोक त्याच्या जीनच्या मोहरीत घातलं.

"पाय हलवू नको," मी म्हटलं. "हललास त मले नको सांगू."

आणि वर ओढलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. कातडीला पातं लागू दिलं नाही. मी कापणीतली बाई आहे, पातं कुठं थांबवायचं मला कळतं. त्याला चौकातल्या त्या दिवशी कळत नव्हतं, किंवा कळत होतं. तो रडत होता. मी ते बघून घेतलं. बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि त्याची मला लाज नाही.

मग मी चालत सुटले. सोमीबाई माझ्या मागून. ठाण्यापर्यंत आम्ही जंगलातल्या वाटेनं गेलो, गाडीरस्त्यावर त्याच्या गाड्या होत्या. ती मध्येच थांबून मागचं ऐकायची आणि परत चालायची. तोंडातलं रक्त मी वाटेभर थुंकत गेले.

ठाण्यात एक शिपाई बाई होती. तिनं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "पॅन्ट जमा करावी लागेल. मुद्देमाल आहे."

माझा हात परत लुपीवर गेला. विळा आधीच टेबलावर होता. तिनं ते बघितलं. ती उठली, सोमीबाईला आत घेतलं, खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि कपाटातून स्वतःची धुतलेली सलवार काढून माझ्या हातात दिली. मग भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. "सावकाश," म्हणाली. मी स्वतः उतरवली. तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं.

मी त्याच्यावर ॲट्रॉसिटी लावली. त्यानं माझ्यावर जबर दुखापतीचा गुन्हा लावला. दोन्ही चालू आहेत. कॅमेऱ्यातलं चित्रण खराब झालं असं कंपनी म्हणते. मॅडमना नीट आठवत नाही. सोमीबाईला सगळं आठवतं, तिनं अंगठा दिला आहे. तिच्या पोराचं काम गेलं. अंगठा तिनं मागं घेतलेला नाही. माझंही रोजंदारीचं काम सुटलं. कोणी काढलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं.

वकिलांनी मला विचारलं, "धार का नाही वापरलीस? तुझ्याच बाजूनं विचारतो, कोर्टात विचारतील." मी म्हटलं, धार धानाला लावली आहे. ते म्हणाले, असलं उत्तर कोर्टात देऊ नको.

गेल्या पंधरवड्यात गावातले चार वजनदार लोक आमच्या घरी आले. त्यात आमच्या मोहल्ल्यातलेही दोघे होते. खाटेवर बसले. समझोत्याचं बोलणं. तो त्याची केस मागं घेईल, मी माझी घ्यायची. आणि एक छोटीशी गोष्ट, मी चौकात येऊन म्हणायचं, चूक झाली. बस, एवढंच. दोन शब्द.

मी काही बोलायच्या आत त्यातला एक मायला म्हणाला, "तू सांग बाई तिले. तुयं ऐकते ते."

माय चुलीपाशी होती. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. ती उठली, हात लुगड्याला पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला नाही.

"तवा म्या तिची वेणी धरून वदवलं," ती म्हणाली. "अकरा साल झाले, मले झोप नाई. आता तिले काय, म्या कोनालेच तसं म्हणायले नाई लावत. चहा घेऊन जा भाऊ."

त्यांनी चहा घेतला नाही. ते गेल्यावर माय माझ्याशेजारी बसली. ती माफी मागेल असं मला वाटलं. तिनं मागितली नाही. तिनं माझा पाय मांडीवर ओढून घेतला, सलवार वर केली आणि वणावरून अंगठा फिरवला. खालपासून वरपर्यंत. मग म्हणाली, "मले एक शिवून दे."

"काय?"

"फुलप्यांट."

कंपनीची वही कंपनीकडं आहे. पण मी दहा दिवस रोज रात्री तिची नक्कल उतरवून ठेवली होती. त्यावरून मी मापं काढली. शेजारणीची शिलाई मशीन, आठवडी बाजारातलं पातळ राखाडी कापड. आसनाला सपाट शिवण. कमरेला इलास्टिक आणि एकच बटण. खिसे खोल. आतून कमरपट्ट्याला एक छोटी पट्टी, पाळीच्या दिवसांत जास्तीचं कापड ठेवायला. हे कंपनीच्या वहीत लिहिलं होतं, मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली होती. गुडघ्याला घडी. आणि उजव्या बाजूला, जरा मागं, विळ्याची जाड लुपी. पहिली पॅन्ट मी स्वतः चिलाटीत नेऊन फाडून बघितली. सोमीबाईनं मोजलं. सहा.

आतापर्यंत अकरा शिवून झाल्या. मायच्या पॅन्टला लुपी डावीकडं लावली आहे. माय डावरी आहे. त्या दिवशी चौकात तिनं मला डाव्या हातानंच मारलं होतं, आणि घरी त्याच हातानं जखमेत हळद दाबली होती. ते मी तेव्हाही पाहिलं होतं. आज लिहिते आहे.

तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आहे. आम्ही अकरा जणी पॅन्टा घालून जाणार. नाक्यावरच्या झुडपामागं कुणी कपडे बदलणार नाही. घरातूनच घालून निघणार, आणि चौकातून जाणार. पानठेल्यासमोरून. सकाळी जाताना आणि दुपारी गाठोडी घेऊन येताना. ज्यांना चहाच्या कपात बघायचं आहे त्यांनी बघावं. त्याचं मनगट जुळलं आहे असं ऐकते. तोही बसेल तिथं.

वकील म्हणाले, पुढचं लिहू नको, तुझ्याच विरुद्ध वापरतील. वापरू देत.

काट्यानं धरलं तर आमचं कापड फाटेल आणि आम्ही सुटू. तेवढ्यासाठीच ते तसं शिवलं आहे. माणसानं धरलं तर विळा आहे. गेल्या वेळी मी पाठ वापरली. ह्या वेळी काय वापरीन, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.